तराजूसाहेबांनी केलेली आयटीच्या खर्चाची वाटणी

"आयटी विभागाच्या खर्चाची रास्त वाटणी करून द्यायला किती दिवस लागतील?" असं मोठ्या साहेबांनी भर बैठकीत विचारलं, तेव्हा तराजूसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले आणि म्हणाले, "आठ दिवस."

महिना मागितला असता तरी कोणी हरकत घेतली नसती. बाकीचे सगळे बिस्किटांत गुंतले होते. पण आत्मविश्वासाचं असं असतं, की तो माणसाला विचार करायला उसंत देत नाही. शब्द आधी बाहेर पडतो आणि माणूस त्याच्या मागून धावत सुटतो.

तराजूसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे बनवणाऱ्या त्या कंपनीत ते हिशेब विभागात होते. एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक त्यांनी फूटपट्टी लावून कापला. तेव्हापासून सगळे त्यांना तराजूसाहेब म्हणू लागले. यात थट्टा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. उलट, इतक्या वर्षांत आपल्याला नेमकं ओळखणारं कोणीतरी भेटलं, असंच वाटलं.

वादाला तोंड फोडलं होतं गोदामकाकांनी. गोदामकाका म्हणजे गोदामाचे प्रमुख. माणूस बोलायला लागला की समोरच्याच्या कपातला चहा थरथरायचा.

"माझ्याकडे एक कॉम्प्युटर," ते म्हणाले होते. "एक! तोही सुरू करून मी अख्ख्या गोदामात फेरी मारून येतो, तोवर त्याला जाग येते. डिझाइनवाल्यांकडे असे अठ्ठावीस आहेत. आणि आयटीचा खर्च सातही विभागांच्या माथी सारखाच? माझ्या अकरा हमालांना दोन वर्षं बोनस नाही, का, तर गोदामाचा खर्च जास्त! कसला खर्च? जो आम्ही केलाच नाही तो!"

विभागाने वर्षभरात खर्चात जेवढी बचत केली त्यावर त्या विभागाचा बोनस ठरायचा, आणि आयटीचा सातवा हिस्सा गोदामाची सगळी बचत गिळून टाकायचा. काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तराजूसाहेबांना नुसता हिशेब दिसला नाही. ओझी उचलून खांदे वाकलेली अकरा माणसं दिसली. म्हणूनच ते "आठ दिवस" म्हणाले. निदान नंतर ते बायकोला तसं सांगत.

ही बातमी त्यांच्या आधीच घरी पोचली असावी. कारण संध्याकाळी ते जिन्यातच होते आणि वरच्या मजल्यावरच्या मोजणीकाकांनी त्यांना गाठलं. मोजणीकाका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगातला कुठलाही प्रश्न क्षेत्रफळाने सुटतो असं त्यांचं ठाम मत होतं.

"चौरस फुटावर लावा," ते कठड्याला रेलून म्हणाले. "ज्याची जागा मोठी त्याचा खर्च मोठा. वाद संपला."

"काका, सगळ्यात मोठी जागा गोदामाची आहे. आणि गोदामात एकच कॉम्प्युटर आहे."

काकांनी क्षणभर विचार केला. "मग गोदाम लहान करा," ते म्हणाले आणि वर निघून गेले.

तराजूसाहेबांच्या बायकोचं गावातल्या चौकाशेजारी वाचनालय होतं. दोन खोल्या, सहा हजार पुस्तकं आणि चारशे सभासद. ती नव्या पुस्तकांना वेष्टणं चढवत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आयटीवाल्या मॅडमना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? हिशेब माझा आहे."

"काम त्यांचं आहे ना," ती म्हणाली.

हे वाक्य तराजूसाहेबांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की ही कला येतेच.

आठव्या दिवशी योजना तयार झाली, आणि ती इतकी सोपी होती की इतकी वर्षं ती कोणाला सुचली कशी नाही, याचं साहेबांना नवल वाटलं. कंपनीत एकूण कॉम्प्युटर एकशे चाळीस. आयटीच्या खर्चाला एकशे चाळीसने भागायचं. ज्याच्याकडे जितके कॉम्प्युटर, त्याने तितके हिस्से उचलायचे. गोदामाचा वाटा सातव्या हिश्शावरून एकदम एकशे चाळिसाव्या हिश्शावर आला. गोदामकाकांनी भर बैठकीत उठून तराजूसाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले. हात नंतर तासभर दुखत होते, पण कीर्तीची किंमत मोजावीच लागते.

सोमवारी परिपत्रक निघालं. मंगळवारी आयटी विभागाच्या दारात पहिला कॉम्प्युटर येऊन पडला.

बुधवारी सात आले. गुरुवारी विक्री विभागाने ट्रॉलीवरून एकदम सोळा पाठवले. "आम्हाला लागत नाहीत," असं विक्रीसाहेबांनी कळवलं. लागत कसे नाहीत, हे पाहायला तराजूसाहेब स्वतः गेले. तिथे एका कॉम्प्युटरसमोर चौघं जण खुर्च्या चिकटवून बसले होते. एक जण माऊस धरून होता, दुसरा कीबोर्डवर होता, तिसरा गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता आणि चौथा आपली पाळी कधी येते याची वाट पाहत घड्याळाकडे बघत होता. दारावर वेळापत्रक लावलं होतं. दुपारी तीन ते साडेतीन या वेळेत ज्याची पाळी होती, त्याचं गिऱ्हाईक सकाळी फोन करायचं.

दहा दिवसांत त्रेचाळीस कॉम्प्युटर परत आले. आयटी विभागाच्या खोलीत ते छतापर्यंत रचले गेले, आणि मॅडमना आपल्या टेबलापर्यंत पोचायला अंग चोरून जावं लागू लागलं. या मॅडम आयटीच्या प्रमुख होत्या. शांत स्वभावाच्या, कमी बोलणाऱ्या. आवाज न चढवता माणसाला खजील करण्याची विद्या त्यांना अवगत होती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटर परत आले. माझ्या सहा माणसांचे पगार काही परत आले नाहीत. सर्व्हर तेवढाच आहे, त्याला गार ठेवायचं विजेचं बिल तेवढंच आहे. मग आता भागणार कशाने?"

भागणार सत्त्याण्णवने. म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरचा भार जवळजवळ दीडपट. हा आकडा जाहीर झाल्याबरोबर आणखी नऊ कॉम्प्युटर परत आले, आणि दर पुन्हा चढला. गोदामकाकांचा फोन आला. "माझा एकच कॉम्प्युटर आहे, तरी माझा खर्च वाढला? मी काय केलं?" त्यांचा वाटा आधीच्या मानाने अजूनही कुठल्या कुठे कमी होता, हे तराजूसाहेबांनी तीन वेळा समजावलं. पण कमी झालेलं माणूस आठवडाभरात विसरतो, वाढलेलं मात्र जन्मभर लक्षात ठेवतो.

दुसरा कोणी असता तर खचला असता. तराजूसाहेबांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'आवृत्ती दुसरी'. चूक योजनेत नव्हतीच, त्यांच्या मते. चूक एककात होती. वस्तू मोजायचीच नाही, सेवा मोजायची. जो जितक्या वेळा आयटीला बोलावेल, त्याने तितकं द्यावं. याहून रास्त काय असणार?

त्यासाठी त्यांनी 'सेवा मागणी पत्रक' तयार केलं. तीन प्रती, अठरा रकाने आणि विभागप्रमुखाची सही. नववा रकाना 'बिघाडाचे कारण' असा होता. ज्याला कारण माहीत असतं तो आयटीला बोलवेल कशाला, असं मॅडमनी विचारलं. त्यावर तराजूसाहेब म्हणाले, "अंदाजे लिहायचं."

जिन्यात मोजणीकाका भेटले. "प्रत्येक बोलावण्याला पैसे? छान," ते म्हणाले. "आमच्या खात्यात हेच होतं. मोजणीला अर्ज, अर्जाला फी."

"मग लोक यायचे?"

"छे! लोक आपापसांत कुंपण सरकवायचे आणि मारामाऱ्या करायचे. आम्हाला अगदी निवांत असायचं."

या बोलण्यातला धोका तराजूसाहेबांच्या लक्षात यायला हवा होता. आला नाही.

पत्रक लागू झालं आणि आयटीकडे दिवसाला साठ फोन यायचे ते चारवर आले. पहिले दोन दिवस तराजूसाहेब या घसरणीचा आलेख भिंतीवर लावून त्याकडे कौतुकाने बघत होते. मग बातम्या येऊ लागल्या. मनुष्यबळ विभागातल्या बाई प्रिंटर उघडून त्यात स्वतः हात घालत होत्या, आणि त्यांच्या हातावरची काळी शाई तीन दिवस निघाली नाही. उत्पादन विभागात बंद पडलेला स्क्रीन यंत्रशाळेतल्या मिस्त्रीने हातोडीने 'हलकेच' दुरुस्त केला. डिझाइनच्या एकाने आपल्या आतेभावाला फोन लावला. आतेभावाने फोनवरूनच सांगितलं, "सगळं डिलीट कर, म्हणजे ते वेगाने चालेल." त्याने केलं, आणि चार महिन्यांची बिजागरीची चित्रं वेगाने गेली.

आणि पहिल्या महिन्याची बिलं निघाली तेव्हा सगळ्यांत मोठं बिल कोणाचं आलं? हिशेब विभागाचं! यादी पाहिली तर हिशेबाच्या एकवीस बोलावण्यांपैकी सतरा एकाच कारणासाठी होती. 'पासवर्ड विसरला'. सतराही वेळा विसरणारा एकच.

"हा कोण?" त्यांच्या वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

तराजूसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. "सुरक्षिततेसाठी मी पासवर्ड कठीण ठेवतो, सर," ते म्हणाले. "इतका कठीण, की कोणालाच आठवू नये." अपमान गिळताना माणसाने मान ताठ ठेवावी, म्हणजे तो घशात अडकत नाही.

पण खरा घाव पुढेच होता. मोठे साहेब एका दुपारी आयटीच्या खोलीवरून गेले. सहा माणसं परत आलेल्या कॉम्प्युटरच्या ढिगाआड शांत बसलेली त्यांना दिसली. भिंतीवरचा घसरता आलेखही दिसला. त्यांनी तराजूसाहेबांना बोलावून घेतलं आणि पाठीवर थाप मारली. "कमाल केलीस! काम इतकं कमी झालं म्हणजे सहाऐवजी चार माणसं पुरतील. दोघांना महिनाअखेर मोकळं करू. तूच पत्र तयार कर."

तराजूसाहेब केबिनमधून बाहेर आले. अकरा जणांना न्याय मिळावा म्हणून काढलेल्या कागदाने दोघांची नोकरी जाणार होती. आणि त्या कागदाखाली सही त्यांची होती.

ते तडक मॅडमकडे गेले. खुर्ची नव्हती म्हणून परत आलेल्या एका कॉम्प्युटरवरच बसले. "मॅडम," ते म्हणाले, "तुमची माणसं दिवसभर करतात काय, हे मला आधी विचारायला हवं होतं. आता विचारतो."

"बसून बघा," त्या म्हणाल्या.

ते तीन दिवस बसून बघत होते. रोज सकाळी कोणीही यायच्या आत दोन माणसं आदल्या दिवसाचं सगळं काम दुसरीकडे सुरक्षित उतरवून ठेवतात, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. आतेभावाच्या सल्ल्याने गेलेली चित्रं त्याच साठ्यातून, कोणी पत्रक भरायच्या आत, परत आणलेली होती. एक बाई नुसती कंपनीच्या नावाने येणाऱ्या लबाड ई-मेल अडवत बसायची. तिने त्या आठवड्यात दोनशे अडवल्या होत्या. त्यांतल्या नव्वद तराजूसाहेबांना बक्षीस लागल्याच्या होत्या. यातल्या एकाही कामासाठी कोणी कधी फोन केला नव्हता. फोन येऊ नये म्हणूनच तर ही कामं होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भोंग्यांचा आवाज सुरू झाला. एक ट्रक, मग दुसरा, मग अनेक. खिडकीतून पाहिलं तर फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती. फाटकातून माल बाहेर जायला गोदामाच्या कॉम्प्युटरवरून पास निघावा लागे, आणि गोदामाचा तो एकुलता एक कॉम्प्युटर परवापासून मरून पडला होता. गोदामकाकांनी खर्च नको म्हणून कोणाला कळवलंच नव्हतं. दोन दिवस हाताने पावत्या लिहून नुसता ट्रकांत माल चढवत ढकलले, आणि त्या गडबडीत उजव्या बिजागऱ्यांच्या जागी डाव्या चढल्या होत्या. एका नव्या शाळेची दीडशे दारं उलटी उघडायच्या बेतात होती.

तराजूसाहेब, मॅडम आणि आयटीचा एक माणूस धावत गोदामात पोचले.

"सही करा," मॅडमनी पत्रक पुढे केलं.

"नाही करणार!" गोदामकाका गरजले. "हे लिहिलं की माझ्या पोरांच्या बोनसमधून जाणार. ट्रक उभे राहू देत!"

मॅडम तराजूसाहेबांकडे वळल्या. "सहीशिवाय सेवा नाही. तुमचा नियम आहे, साहेब. कलम चार."

बाहेर भोंगे वाजत होते. अकराही हमाल खोक्यांवर बसून त्यांच्याकडे बघत होते. तराजूसाहेबांच्या कपाळावर घाम आला, पण आवाज नेहमीसारखाच ठणठणीत निघाला. "कलम चार मी आत्ता मोडतो आहे."

"लेखी द्या."

त्यांनी पत्रक हातात घेतलं, खोक्यावर ठेवलं आणि विभागाच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'हिशेब'. बिघाडाच्या कारणात लिहिलं, 'आमची योजना'. खाली सही केली. मग कोट काढून ठेवला आणि आयटीच्या माणसाच्या मागे, परत आलेल्यांपैकी एक चांगला कॉम्प्युटर छातीशी धरून आणायला निघाले. वायर पायात आली. दोनदा पडता पडता वाचले आणि एकदा पडले, पण कॉम्प्युटर खाली टेकू दिला नाही. पाऊण तासात पास निघू लागले. उजव्या बिजागऱ्या उजव्या खोक्यांत गेल्या. ट्रकची शेवटची जोडी फाटकाबाहेर पडली, तेव्हा दिवस अजून बराच शिल्लक होता.

घरी बायको वाचनालयाच्या वर्गणीच्या पावत्या फाडत होती. तराजूसाहेब गुडघ्याला मलम लावत म्हणाले, "पुस्तकच न नेणारे सभासदही वर्गणी देतात तुला?"

"देतात की. निम्मे जण महिनोन्महिने फिरकत नाहीत."

"भांडत नाहीत?"

"कशाला भांडतील? कपाट उघडं आहे, दिवा लागलेला आहे, मी बसलेली आहे. ते त्याचे पैसे देतात. पुस्तक उशिरा आणलं तर दंड वेगळा, आणि खास बाहेरून काही मागवायचं असेल तर त्याचा खर्च त्याचा. आणि हे सगळं सभासद होतानाच सांगते मी, महिनाअखेरीला नाही."

तराजूसाहेबांनी मलमाची डबी खाली ठेवली. मग कागद मागितला.

या वेळी त्यांनी मॅडमना शेजारी बसवून हिशेब केला. आयटी नुसती सज्ज राहते, त्याचा खर्च प्रत्येक विभागात किती माणसं या सेवेवर अवलंबून आहेत त्यावरून वाटायचा. वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवायचा आणि वर्षभर हलवायचा नाही. नेहमीची दुरुस्ती त्यातच आली, तिला वेगळा आकार नाही, पत्रक नाही. आयटी सज्ज असूनही कोणी हयगय केली आणि मोठं नुकसान करून बसला, तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च त्याचा. आणि कोणाला स्वतःपुरतं काही खास हवं असेल, तर आधी किंमत सांगायची, मग काम. बस्स. एक पान.

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी त्या पानाबरोबर दुसरं पानही ठेवलं. त्यावर दोघांना काढण्याचं पत्र नव्हतं. त्या दुपारी अडकलेल्या ट्रकांची यादी होती, प्रत्येकापुढे मालाची किंमत लिहिलेली.

"सहाही माणसं लागतात, सर," ते म्हणाले. "तुम्हाला ती रिकामी दिसली, कारण मी लोकांना त्यांच्यापासून पळवून लावलं होतं. आधीच्या दोन योजना चुकल्या. ही चुकणार नाही."

"एवढी खात्री?"

"यात एकच गोष्ट आधीच्यापेक्षा वेगळी आहे, सर. या वेळी मी विचारून केलं आहे."

मोठ्या साहेबांनी ट्रकांची यादी दोनदा वाचली आणि योजनेवर सही केली.

बैठकीत सगळे थोडे थोडे कुरकुरले. डिझाइनचा भार वाढला, ते म्हणाले, "आम्हीच का?" आकडे पाहून गप्प झाले. विक्रीसाहेब आपले सोळा कॉम्प्युटर परत मागायला त्याच दिवशी ट्रॉली घेऊन गेले. गोदामाचा वाटा पहिल्या योजनेइतका नगण्य राहिला नाही, पण पूर्वीच्या सातव्या हिश्शाच्या तो पावपट होता, आणि हमालांचा बोनस निघत होता. गोदामकाका या बैठकीत एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं पाहून तराजूसाहेबांना जरा धाकधूक वाटली.

पहिली बिलं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोदामकाका हिशेब विभागात आले. इतक्या वर्षांत ते हा जिना कधी चढले नव्हते. धापा टाकत त्यांनी बिल टेबलावर आपटलं.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

तराजूसाहेबांनी बिल उचललं. बेरीज तपासली, माणसं तपासली, दर तपासला. "कुठे चूक आहे, काका? सगळं बरोबर आहे."

"त्या ट्रकांच्या दिवशीचं काम यात कुठे आहे?"

"ते हिशेब विभागाच्या खात्यावर आहे. मीच लिहून दिलं होतं."

"कॉम्प्युटर कोणाचा मेला होता?"

"तुमचा."

"दोन दिवस न कळवता बसलं कोण?"

तराजूसाहेबांनी बिल पुन्हा टेबलावर ठेवलं.

"हयगय केली तर ज्याची त्याने भरायची, असं तुम्हीच लिहिलंय ना पानावर?" काकांनी आपलं जाड बोट बिलावर टेकवलं. "मी माझ्या पोरांना विचारून आलोय. अकरा जणांच्या बोनसमधून थोडं थोडं जाईल. सगळे हो म्हणाले. जे आमचं नाही ते आम्ही कधी देणार नाही, साहेब. पण जे आमचं आहे ते दुसऱ्याच्या माथी मारायला आम्हाला लाज वाटते. लिहा तिथे, गोदाम."

तराजूसाहेबांनी खणातून त्या दिवशीचं सेवा मागणी पत्रक काढलं आणि पेन उघडलं. 'हिशेब' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर, सुवाच्य अक्षरांत, 'गोदाम' असं लिहिलं.